शेजारच्या आजोबांची 1972 ची कॉर्व्हेट विकायचीये, आधी रंगवून घेऊ का?

नका रंगवू. हात जोडून सांगतो, नका रंगवू, आणि पॉलिशवाल्यालाही अजून जवळ येऊ देऊ नका. तुम्ही लिहिलंय की ओहायोतल्या कोलंबस शहरात तुमच्या शेजारच्या अमेरिकन आजोबांनी मृत्युपत्रात त्यांची 1972 ची कॉर्व्हेट कूपे, म्हणजे शेव्हरलेची स्पोर्ट्स कार, तुमच्या नावावर केली, ते पहिलेच मालक, मीटरवर 31 हजार मैल, रंग कंपनीचाच पण बॉनेटवर बारीक तडे गेलेत, आणि बॉडीशॉपवाला म्हणतोय की रंगवून विकली तर जास्त पैसे येतील. मी डेट्रॉइटजवळ राहतो, गाड्यांच्याच क्षेत्रात आहे, माझी 1976 ची कॉर्व्हेट मी स्वतः विकलीये, त्यामुळं हे पाहून गप्प बसवत नाही.

त्या काळी सेंट लुईसच्या फॅक्टरीत ह्या गाड्यांना अ‍ॅक्रेलिक लॅकर मारायचे आणि खाली फायबरग्लासची बॉडी. पन्नास वर्षांत लॅकरला तडे जाणारच. जाणकार गिऱ्हाईक तेच बघायला येतो, कारण त्यावरून त्याला खात्री पटायला लागते की रंग पहिलाच आहे. बॉडीशॉपचा रंग फॅक्टरीपेक्षा गुळगुळीत दिसेल, पण तसा रंग कुठल्याही गाडीला कधीही मारता येतो, हा एकदा घासला की परत येत नाही. एनसीआरएस म्हणून कॉर्व्हेटवाल्यांची संस्था आहे, 1974 पासूनची, ते जजिंग करताना गाडी फॅक्टरीतून निघाली तेव्हा जशी होती तशी आहे का हेच बघतात, आणि ब्लूमिंग्टन गोल्ड ह्या कॉर्व्हेटच्या मेळ्यावाले तर हात न लावलेल्या गाड्यांना वेगळं 'सर्व्हायव्हर' सर्टिफिकेट देतात. अप्रेझर, म्हणजे गाडीची किंमत ठरवून देणारा, बोलवाल तेव्हा त्याच्याकडे रंगाची जाडी मोजायचं अल्ट्रासोनिक मीटर आहे का विचारा, साधं मॅग्नेटवालं फायबरग्लासवर चालत नाही.

आता तुमच्याकडे नक्की काय आहे ते आधी कळायला पाहिजे. ड्रायव्हरच्या बाजूला पुढच्या काचेच्या खांबावर व्हिन नंबरची, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाची, पट्टी दिसेल, त्यातलं पाचवं अक्षर बघा. के असेल तर साधं 350 (क्यूबिक इंच) इंजिन, एल म्हणजे एलटी-1, त्याच 350 चं जास्त ताकदीचं रूप, डब्ल्यू म्हणजे 454 बिग ब्लॉक, म्हणजे मोठं इंजिन. 1972 पासूनच कॉर्व्हेटच्या नंबरात इंजिनचं अक्षर यायला लागलं, म्हणून तुमचं काम सोपं आहे, 1971 च्या गाडीत हे नंबरावरून कळत नाही. एल किंवा डब्ल्यू निघालं तर भाव एकदम वेगळा. मग इंजिनवर पॅसेंजर बाजूच्या सिलिंडर हेडच्या पुढं एक सपाट जागा असते, तिथं गाडीच्या नंबराचे आकडे ठोकलेले असतात, ते जुळले की गाडी 'मॅचिंग नंबर्स', म्हणजे इंजिन मूळचंच. तिथं मऊ फडकंच वापरा, सँडपेपर किंवा वायर ब्रश चुकूनही नाही, कारण तिथल्या मशीनिंगच्या बारीक रेघा अस्सल आहेत का हेसुद्धा लोक भिंग लावून बघतात. खोटे आकडे ठोकणारे खूप झालेत ना.

गंजाचं मात्र मनावर घ्या. बॉडी फायबरग्लासची, ती गंजत नाही, पण काचेभोवती आणि दारांपाशी आत स्टीलचा सांगाडा असतो, बर्डकेज म्हणतात, तो आतून सडतो आणि बाहेरून काही कळत नाही. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, गाडी कधी त्यात फिरली असेल तर पायापाशी बाजूची पॅनल काढून आणि गाडी लिफ्टवर घेऊन खालची फ्रेम बघून घ्या, फोटो काढा, आणि जे दिसेल ते जाहिरातीत टाका, वाईट असलं तरी.

मैलांचं असं आहे की त्या मीटरला मैलांचे पाचच आकडे, म्हणजे 31 हजार की 1 लाख 31 हजार हे मीटर सांगूच शकत नाही, आणि इतक्या जुन्या गाडीला विकताना मैल लिहून द्यायच्या फेडरल नियमातून सूट आहे. म्हणजे तुमचा सगळा पुरावा आजोबांच्या ड्रॉवरमध्ये. सर्व्हिसच्या पावत्या, ऑइल बदलल्याचे स्टिकर, इन्शुरन्सचे कागद, विंडो स्टिकर, गाडीसोबतचे जुने फोटो, गॅरेज साफ करताना काहीही फेकू नका. गाडीत काय काय बसवलं ते लिहिलेला फॅक्टरीचा कागद, बिल्ड शीट, हाही बहुतेक पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलेला असतो, टाकी खाली घ्यावी लागते आणि कधी वाचता येत नाही, पण निघाला तर सोनं. जुने टायर चालवायला घातक असतात म्हणून नवे टाका, पण काढलेले तसेच ठेवून गाडीसोबत द्या.

किमतीबद्दल, टीव्हीवरचे आकडे डोक्यातून काढा. 2014 ला स्कॉट्सडेलच्या लिलावात 1967 ची एल88 ही रेसिंगच्या इंजिनाची कॉर्व्हेट 38 लाख 50 हजार डॉलरला गेली, पण तशा 1967 ला 20 च बनल्या होत्या, आणि 1972 ला सगळ्या मिळून कॉर्व्हेट बनल्या 27,004. नुसतं जपून ठेवल्यानंही भाव येत नाही, 1978 ची इंडी पेस कार आवृत्ती (इंडियानापोलिसच्या शर्यतीत पुढं धावलेल्या कॉर्व्हेटची नक्कल) लोकांनी गुंतवणूक म्हणून न चालवता ठेवली, बनल्या 6,502, आणि इतक्या लोकांनी जपल्यावर जपलेली असण्याचं अप्रूप काय राहणार. तुमची जमेची बाजू म्हणजे पुढं-मागं दोन्हीकडे क्रोम बंपर असलेलं 1972 हे शेवटचं वर्ष, 1973 ला पुढचा बंपर गेला. हॅगर्टी ह्या जुन्या गाड्यांच्या विमा कंपनीच्या भाव सांगणाऱ्या ऑनलाइन व्हॅल्यूएशन टूलमध्ये कंडिशन 1 ते 4 असतात, तिथं गाडी 1 समजून भाव धरू नका, 1 म्हणजे स्पर्धेत जिंकणारी.

मी असतो तर ब्रिंग अ ट्रेलर ह्या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर टाकली असती, तिथं विकणाऱ्याला लिस्टिंगची छोटी फी, मोठी फी गाडी विकत घेणारा भरतो, आणि शंभर-दोनशे फोटो, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, खालची बाजू सगळं दाखवता येतं. मेकम किंवा बॅरेट-जॅक्सनसारख्या लिलाव कंपन्यांकडे गाडी वाहून न्यायचा खर्च आणि वर कमिशन, साध्या 350 साठी मला पटत नाही. ऑगस्टअखेर पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला कॉर्व्हेटवाल्यांचा मोठा मेळा भरतो, तिथं समोरासमोरही विकता येते.

टॅक्ससाठी वारशाच्या गाडीची किंमत आजोबा गेले त्या दिवसाच्या बाजारभावानं धरतात, म्हणून अप्रेझल त्या तारखेचं लिहून घ्या आणि सीपीएला, म्हणजे तुमच्या अकाउंटंटला, दाखवा. पैसे वायरनं, म्हणजे बँकेतून थेट खात्यात, किंवा गिऱ्हाइकाच्या बँकेत जाऊन घ्या, कुरिअरनं आलेला कॅशियर्स चेक नको. ओहायोत टायटलवरची, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावरची, सही नोटरीसमोर लागते, आधीच सही करून ठेवू नका.