माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग सरकारने माझा फोन आणि इंटरनेट बघितलं तर बिघडलं कुठे?

तुमचं म्हणणं साधारण असं आहे: मी कर भरतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि दहशतवादी पकडायला सरकार सगळ्यांवरच नजर ठेवत असेल तर ठेवू दे, प्रायव्हसीचा एवढा बाऊ कशाला?

मी ठाण्यात फौजदारी वकिली करते, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूने. तेव्हा माझा कल कुठे असणार ते आधीच सांगून टाकते. पण पाळतीच्या नावानेच बोटं मोडणाऱ्यांतली मी नाही. खंडणीच्या, अपहरणाच्या केसमध्ये पोलिसांनी फोन ऐकला नाही तर माणूस जिवंत सापडत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की आपल्याकडे पाळतीचा हुकूम देणारा, पाळत ठेवणारा आणि नंतर ते सगळं रीतसर झालं का हे तपासणारा, हे तिघेही सरकारी अधिकारीच असतात. न्यायाधीश कुठेच नाही. आणि ज्याच्यावर नजर ठेवली त्याला केस उभी राहिली नाही तर आयुष्यभर पत्ता लागत नाही.

आता ‘लपवण्यासारखं’ याकडे येऊ. लोकांना वाटतं पाळत म्हणजे कुणीतरी हेडफोन लावून आपलं बोलणं ऐकतंय. माझ्या टेबलावर रोज येतो तो सीडीआर, म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. साधी एक्सेल शीट असते. एका ओळीत तुमचा नंबर, समोरचा नंबर, तारीख, वेळ, किती सेकंद, हँडसेटचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक), कॉल सुरू झाला तेव्हाचा टॉवर आणि संपला तेव्हाचा टॉवर. बोलण्यातलं एक अक्षर त्यात नसतं. आणि तरी समजा अशी तीन महिन्यांची शीट समोर आहे. रोज रात्री साडेअकराला एकाच नंबरवर अर्धा-पाऊण तास. दर मंगळवारी दुपारी दादरचा टॉवर. मग एका पहाटे चार वाजता परळच्या टॉवरवरून लागोपाठ सहा कॉल, त्यानंतर दिवसभर काही नाही, आणि दुसऱ्या दिवशी टॉवर थेट कऱ्हाडचा, तिथेच तेरा दिवस. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या घरात काय झालं ते मला कळलं. कुणी घटस्फोटाचा वकील गाठलाय, कुणी दुसरी नोकरी शोधतंय, कुणी कुठल्या पक्षाच्या कार्यालयात बसतंय, हे सगळं त्याच आठ रकान्यांतून निघतं. इंटरनेटसाठी असाच आयपीडीआर असतो. व्हॉट्सॲप कॉलवर काय बोललात ते त्यात नसतं, पण तुमचा फोन कोणत्या वेळी कोणत्या सर्व्हरशी किती वेळ जोडलेला होता ते असतं. डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. आधी ही मुदत एक वर्षाची होती.

हे मिळवायला, फोन टॅप करायला लागते तशी, गृहसचिवांची सही लागत नाही. पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम ९१ होतं, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम ९४ आहे, त्याखाली पोलीस कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला पत्र पाठवतात आणि शीट मेलवर येते. २०१३ मध्ये अरुण जेटलींचा सीडीआर दिल्ली पोलिसांतल्या एका शिपायाने काढल्याचं उघड झालं. जेटली तेव्हा राज्यसभेत विरोधी पक्षनेते होते. त्यानंतर कुठे सीडीआर एसपी (पोलीस अधीक्षक) किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच मागवायचा असं ठरलं. म्हणजे गळती थांबली? २०१८ च्या सुरुवातीला आमच्याच ठाण्याच्या गुन्हे शाखेने सीडीआर विकणारं रॅकेट पकडलं. त्यात खासगी गुप्तहेर होते, त्यांना शीटा पुरवणारे होते आणि पोलीस दलातला एक शिपाईही होता. असल्या गुप्तहेरांकडे कोण जातं? संशय घेणारा नवरा, संशय घेणारी बायको, मुलीसाठी स्थळ बघणारे आईबाप, धंद्यात फाटलेला भागीदार. सरकारपासून लपवण्यासारखं तुमच्याकडे काही नसेल, मान्य. पण सरकारसाठी म्हणून जमवलेली माहिती सरकारपाशीच राहते, हे तुम्ही गृहीत धरलंय.

सीडीआर निदान एका नंबरचा असतो. टॉवर डम्प त्याच्या पुढचा. गुन्हा घडला तिथल्या टॉवरवर त्या अर्ध्या तासात जेवढे फोन वापरात होते, तेवढे सगळे नंबर एकगठ्ठा. ठाणे स्टेशनाजवळचा संध्याकाळी सातचा डम्प काढा, त्यात भाजी घेणारे, रिक्षाच्या रांगेत उभे असलेले, लोकल चुकलेले असे हजारो लोक येतात. त्यातला एखादा नंबर योगायोगाने दुसऱ्या ठिकाणच्या डम्पमध्येही निघाला, की त्या माणसाला ‘चौकशीसाठी’ बोलावणं. डम्पमधून सुटका झाली तरी ती फाईल कधी पुसली जाते, जाते का, हे विचारायला तुम्हाला जागा नाही, कारण तुम्ही त्यात होता हेच तुम्हाला माहीत नसतं.

आता प्रत्यक्ष टॅपिंग. इथे कायदा आहे, आणि २०२४ पर्यंत तो इंग्रजांचाच होता. १८८५ च्या टेलिग्राफ ॲक्टचं कलम ५(२) सांगायचं की सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा जनतेच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच संदेश अडवता येतो. राजकारण्यांचे फोन टॅप होत असल्याचा सीबीआयचा अहवाल बाहेर आल्यावर पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि १९९६ मध्ये निकाल लागला: हुकूम गृहसचिवानेच द्यायचा, मुदत दोन महिने, कितीही वाढवली तरी सहा महिन्यांच्या वर नाही, आणि वर एक आढावा समिती. कागदावर छान. पण केंद्रातल्या समितीचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव. न्यायाधीशाची परवानगी सक्तीची करा ही मागणी न्यायालयाने तेव्हा मान्य केली नाही, आणि आज आपण भोगतोय ते त्याचंच फळ आहे असं माझं मत आहे.

कागदाखाली काय चालतं ते माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. एकट्या केंद्र सरकारचे टॅपिंगचे हुकूम महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० निघत होते. नऊ हजार म्हणजे रविवार-दिवाळी धरून दिवसाला तीनशे. गृहसचिवांना देशाची बाकीची कामं नाहीत असं धरलं तरी तीनशे फायली वाचून कोण सही करतो? आढावा समितीची गत त्याहून वाईट. डेटा संरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहिलंय की दोन महिन्यांनी भरणाऱ्या एका बैठकीत समितीपुढे १५,००० ते १८,००० हुकूम असतात. जेवणाची सुट्टी न घेता आठ तास बसले तरी मिनिटाला तीसहून जास्त. याला आढावा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पुढे अशीच आकडेवारी पुन्हा मागितली गेली तेव्हा, नोंदी सहा महिन्यांनी नष्ट होतात, असं उत्तर आलं.

मग चुकीचा हुकूम पकडला जातो कधी? बहुधा तेव्हाच, जेव्हा सरकार स्वतः ते टेप कोर्टात आणतं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये असे तीन हुकूम रद्द केले. प्रकरण बँक अधिकाऱ्याला कर्जासाठी दहा लाखांची लाच दिल्याच्या आरोपाचं होतं. न्यायालय म्हणालं, लाच हा गुन्हा आहे, पण यात जनतेच्या सुरक्षिततेचा प्रश्न कुठे आला? टॅप केलेलं बोलणं नष्ट करा, असा आदेश झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दुसरी बाजू घेतली, की मोठा भ्रष्टाचारही जनतेच्या सुरक्षिततेत बसू शकतो. म्हणजे हा वाद अजून मिटलेला नाही. पण मुद्दा असा की लाच दिल्याचा आरोप असलेल्या त्या मुंबईच्या व्यावसायिकाविरुद्धचे हुकूम २००९-१० चे होते. ते बेकायदा ठरायला दहा वर्षं गेली, आणि तीही त्याच्यावर खटला होता म्हणून.

महाराष्ट्रातल्या वाचकाला दुसरं उदाहरण आठवत असेलच. २०१६-१७ मध्ये आपला फोन ‘अमजद खान’ या नावाखाली, अमली पदार्थांचा व्यापारी दाखवून टॅप केला गेला, असा आरोप नाना पटोले यांनी विधानसभेत केला. २०२२ मध्ये फोन टॅपिंगचे गुन्हे पुण्यात बंडगार्डनला आणि मुंबईत कुलाब्याला दाखल झाले, सरकार बदललं, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. कोण खरं, कोण खोटं, यात मी पडत नाही. सही करणाऱ्यापुढे नुसतं नाव आणि नंबर येतो, नंबर खरोखर त्या नावाचा आहे का हे तो बघत नाही, एवढं मात्र या आरोपातून कुणालाही सुचावं.

‘पण दहशतवादाचं काय?’ हा प्रश्न मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने विचारलाच पाहिजे. २६/११ च्या रात्री हल्लेखोरांचे आणि पाकिस्तानातल्या त्यांच्या सूत्रधारांचे फोन आपल्या यंत्रणांनी ऐकले, आणि ते संभाषण पुढे कसाबच्या खटल्यात पुरावा झालं. उत्तम काम. पण ते ठरावीक नंबर पकडून केलेलं टॅपिंग होतं. हल्ल्याच्या आधीचं बघायचं तर हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीला दिसलं की धोक्याच्या सूचना आधीच येऊन पडल्या होत्या, त्यांच्यावर हवी तशी हालचाल झाली नाही. माहितीचा दुष्काळ नव्हता, आलेल्या माहितीकडे बघायला माणूस नव्हता. त्यावर आपण काढलेला उपाय म्हणजे निरनिराळ्या खात्यांकडची आणखी माहिती एकत्र जोडणारी नॅटग्रिड ही यंत्रणा.

सगळ्यांवर नजर ठेवली तर काय होतं, याचं गणित शाळेतलं आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या ढोबळ १२ कोटी धरा, त्यात समजा १,००० माणसं खरोखर घातक. तुमची संगणक यंत्रणा शंभरातल्या ९९ वेळा अचूक. एवढी अचूक कुठे मिळत नाही, पण धरू. हजारातले ९९० सापडले. उरलेल्या १२ कोटींतले एक टक्का चुकून पकडले गेले, म्हणजे १२ लाख. थोडक्यात, यादीतल्या बाराशे जणांमागे एक खरा. कुठल्या पोलीस ठाण्यात एवढे हवालदार आहेत? अमेरिकेने हे करून पाहिलं. तिथल्या एनएसए या हेरसंस्थेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये उघड केलं की ती संस्था अमेरिकनांच्या फोनच्या नोंदी सरसकट गोळा करत होती. त्यांच्याच सरकारने नेमलेल्या प्रायव्हसी मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला की त्या नोंदींमुळे एखाद्या दहशतवादाच्या तपासाचा निकाल ठोसपणे बदलला, असं एकही प्रकरण सापडलं नाही.

आपल्याकडे न्यायालयाचे शब्द चांगले आहेत, हे कबूल केलं पाहिजे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वडिलांनी, न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी, आणीबाणीत ज्या एडीएम जबलपूर निकालावर (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही, असं सांगणाऱ्या) बहुमताच्या बाजूने सही केली होती, तो चुकीचा होता असं लिहिलं. पेगॅसस या फोनमध्ये घुसून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं की राष्ट्रीय सुरक्षेचं नुसतं नाव काढलं म्हणून तो बागुलबुवा समजून न्यायालय मागे हटणार नाही. पुढे? न्यायालयाने नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले, पाचांमध्ये कसलंतरी मालवेअर सापडलं, ते पेगॅससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही, आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असं ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितलं गेलं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या कुठल्याही संस्थेला सुरक्षेच्या कारणाने त्या कायद्यातूनच वगळता येतं. त्याच वर्षीच्या दूरसंचार कायद्याने टेलिग्राफ ॲक्टची जागा घेतली, डिसेंबर २०२४ मध्ये टॅपिंगचे नवे नियम आले, आणि न्यायाधीश अजूनही बाहेरच.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पक्षकार हटकून विचारतात म्हणून लिहिते. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुणी वाचत नाही, पण चॅटचा बॅकअप आपोआप तसा सुरक्षित नसतो. सेटिंगमध्ये जाऊन बॅकअपचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन चालू करावं लागतं. व्हीपीएनवर (इंटरनेटवरची आपली ओळख झाकणाऱ्या सेवेवर) फार विसंबू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि नॉर्ड, एक्सप्रेससारख्यांनी त्यावर भारतातले सर्व्हरच उचलले. फोन जप्त झाला तर पंचनाम्यात आयएमईआय आणि हॅश व्हॅल्यू (फोनमधल्या माहितीचा जणू डिजिटल ठसा) लिहिली आहे का ते बघूनच सही करा, म्हणजे नंतर त्यात कुणी काही घातलं-काढलं तर भांडता येतं. पासवर्ड सांगायची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचं एकमत नाही, तेव्हा आधी वकिलाला फोन.

आणि आपल्या आधारवर भलत्याने सिम काढलंय का, हे तपासायची सरकारी सोय खरंच चांगली आहे, ती वापरा. संचार साथी हे तिचं नाव. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस तिचं ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासूनच घालून द्यायचा आदेश कंपन्यांना निघाला होता, ओरड झाली आणि ३ डिसेंबरला तो मागे घेतला गेला. मी पक्षकारांना संकेतस्थळच उघडायला सांगते. मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकला की आपल्या नावावरची सगळी कनेक्शनं दिसतात, आणि त्यासाठी फोनमध्ये काही उतरवून घ्यावं लागत नाही.