इंटरनेटवरचा फोटो ३० टक्के बदलून चित्रात वापरला तर कॉपीराइटचा भंग होत नाही, हे खरं आहे का?

नाही, टक्केवारीचा असा कोणताही नियम कॉपीराइट कायद्यात नाही. मूळ फोटो ओळखू येत असेल तर छायाचित्रकाराची परवानगी घेतलेली बरी. न्यायालय किती बदललं हे मोजत बसत नाही, काय घेतलं आणि कशासाठी वापरलं हे बघतं. अमेरिकन कलाकार जेफ कून्सने पोस्टकार्डावरच्या एका फोटोवरून, कुत्र्याची पिल्लं घेऊन बसलेल्या जोडप्याचं शिल्प करून घेतलं. माध्यम बदललं, पिल्लं चक्क निळी झाली, तरी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयात तो हरला. अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचं प्रकरण जास्त बोलकं आहे. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये काढलेल्या गायक प्रिन्सच्या फोटोवरून वॉरहॉलने चित्रमालिका केली होती. तिच्यातलं एक चित्र त्याच्या फाउंडेशनने २०१६ मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी १०,००० डॉलरला दिलं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथच्या बाजूने कौल दिला, कारण इथे दोन्ही प्रतिमांचा उपयोग जवळपास एकच होता: प्रिन्सवरच्या मजकुरासोबत मासिकात छापणं. वॉरहॉलची जगप्रसिद्ध शैलीसुद्धा कामी आली नाही, तिथे आपल्या फिल्टरचं काय! अर्थात हे निकाल अमेरिकेतले आहेत. विडंबन किंवा टीकेसाठी किती सूट मिळते हे देशागणिक बदलतं. कॉपीराइट संपलेल्या चित्रांशी मात्र खुशाल खेळा. फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँने १९१९ मध्ये मोनालिसाच्या पोस्टकार्डावर मिश्या काढल्याच होत्या.