पंधरा वर्षांनी व्हायोलिन पुन्हा हातात घेतलं, पण माझाच आवाज मला ऐकवत नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल का?

तुम्ही लिहिलंय की विशीत सुटलेलं व्हायोलिन पंधरा वर्षांनी बाहेर काढलंत, जिथे थांबला होतात तीच रचना वाजवायला घेतलीत आणि दोन ओळींत पेटी बंद केलीत. मीही अगदी हेच केलं होतं. माझा खंड अठरा वर्षांचा. पेटी मी तीनदा बंद केली, त्यातल्या तिसऱ्या वेळी तर जवळजवळ वर्षभरासाठी.

उत्तर आधीच देऊन टाकते: हो, पहिल्या पानापासून. पण लहानपणी त्या पानावर वर्ष गेलं असेल, तर आता काही आठवडे जातील. आणि ती जुनी रचना इतक्यात काढू नका. ती कशी वाजायची ते तुम्हाला पक्कं आठवतंय, आणि तीच सगळी अडचण आहे.

त्याआधी वाद्याकडे बघा. पंधरा वर्षं पेटीत पडून राहिलेलं व्हायोलिन तुमच्यासाठी थांबून राहिलेलं नसतं. माझी पेटी उघडली तेव्हा गजाचे निम्मे केस तुटून तळाशी पडले होते. कोणी छेडलं असेल असं वाटलं, पण बंद, अंधाऱ्या पेटीत बारीक किड्यांच्या अळ्या होतात आणि त्या गजाचे केस खातात. ते घोड्याच्या शेपटीचे खरे केस असतात, एका गजाला साधारण दीडशे ते दोनशे. तसं झालं असेल तर पेटी रिकामी करून झाडून घ्या, उन्हात उघडी ठेवा आणि केस नवीन बसवून घ्या. केस शाबूत दिसले तरी पंधरा वर्षांनंतर बदललेलेच बरे. आणि वाजवून झालं की गज सैल करायचा, हे विसरला असाल तर आत्ताच आठवा.

मग घोडी, म्हणजे तारा ज्यावरून जातात तो लाकडी तुकडा. ती चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबाने उभी असते. तारा पिळत गेलं की ती हळूहळू पट्टीच्या (जिच्यावर बोटं ठेवतो तिच्या) बाजूला झुकते आणि एक दिवस खाडकन पडते. म्हणून तारा थोड्या सैल करून दोन्ही हातांनी ती सरळ करायची, दोन्ही पाय पूर्ण टेकलेत का ते बघायचं. वरच्या फळीतल्या एफच्या आकाराच्या भोकातून आत डोकावा. ई तारेच्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या, बाजूला घोडीचा जो पाय असतो त्याच्या किंचित मागे एक बारीक लाकडी दांडी उभी दिसली पाहिजे. तो साउंडपोस्ट. तोही कशाने चिकटवलेला नसतो, दोन फळ्यांमध्ये नुसता अडकून उभा असतो. तो आडवा पडलेला दिसला तर तारा अजिबात ताणू नका, कारण खालून आधार नसताना वरची फळी तडकू शकते. सरळ कारागिराकडे न्या. कडेची फळी कुठे सुटली असेल तरी घाबरू नका. तो सांधा मुद्दामच सुटेल अशा सरसाने जोडलेला असतो, म्हणजे हवा कोरडी पडली की लाकूड चिरण्याऐवजी सांधा उकलतो. तासाभराचं काम असतं. फक्त घरातल्या डिंकाने स्वतः चिकटवू नका.

तारा चारही बदला, पण एकेक करून. चारही एकदम काढल्या की घोडी आणि साउंडपोस्ट दोन्ही पडायची भीती. तारांबद्दल जरा जास्त सांगते, कारण माझे तीन आठवडे यातच वाया गेले. जुन्या तारा तुटल्या नव्हत्या म्हणून मी त्याच ठेवल्या होत्या. मोकळ्या तारा सुरात लागायच्या, पण पहिलं बोट, म्हणजे तर्जनी, डी तारेवर बरोबर आलं की त्याच जागी ए तारेवर कणसूर लागायचं. मी बोट मागे घेत होते, पुढे नेत होते, स्वतःला दोष देत होते. शेवटी ज्यांच्याकडे शिकायला सुरुवात केली त्या बाईंनी तार एकदा बोटांखालून फिरवली आणि म्हणाल्या, “अगं, ही मेलेली आहे.” तार जागोजागी झिजते, वरची गुंडाळी कुठे सपाट होते, आणि मग तिचं वजन सगळीकडे सारखं राहत नाही. शेजारच्या दोन तारांवर एकच बोट आडवं ठेवल्यावर जो शुद्ध पंचम मिळायला हवा, तो मिळत नाही. नवीन तारा लावल्या त्या संध्याकाळी माझी बोटं अचानक “सुधारली”.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते. हात मागे पडले, पण कान मागे पडला नाही. उलट मधल्या पंधरा वर्षांत तुम्ही चांगलं वादन ऐकत राहिलात. विशीत आपण जे वाजवायचो ते बरंच कणसूर होतं, आवाज पातळ होता, पण तेव्हा ते आपल्याला ऐकू येत नव्हतं. आता येतं. त्यामुळे “पूर्वी मी किती छान वाजवायचो” असं जे वाटतं, त्यातलं निम्मं तरी खरं नसतं. माझ्याकडे तेव्हाची एक कॅसेट निघाली. ऐकली आणि अर्धा तास हसत होते.

शिवाय व्हायोलिन डाव्या कानाच्या अगदी खाली असतं. गजाचा प्रत्येक खरखराट, रोझिनचा (गजाला लावायच्या राळेचा) सीऽऽ असा आवाज, सगळं तुम्हालाच ऐकू येतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला त्यातलं बरंचसं पोचतही नाही. फोन तिकडे ठेवून रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकू नका, तेव्हा आपण फार कठोर असतो.

बोटं आठवत नाहीत असं तुम्ही म्हणता. माझा अनुभव असा की बोटं लवकर आठवतात. डावा हात म्हणजे सवय, आणि अंगवळणी पडलेली गोष्ट सहसा पुरती जात नाही, सायकलसारखी. फर्स्ट पोझिशनमधली, म्हणजे हात पट्टीच्या सुरुवातीला असतानाची, जागा मला दहाबारा दिवसांत सापडली. परत येत नाही तो उजवा हात. तुम्हाला ऐकवत नाही तो आवाज डाव्या हाताचा नाहीच, गजाचा आहे.

गज तारेवर काय करतो ते एकदा डोळ्यांसमोर आणा. रोझिन लावलेले केस तारेला चिकटतात, ओढत नेतात, तार निसटून मागे येते, पुन्हा चिकटते. मोकळ्या ए तारेवर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं, आणि दर वेळी अगदी वेळेवर निसटावं लागतं. दाब जास्त पडला तर तार निसटायला उशीर होतो आणि करकर ऐकू येते. दाब कमी पडला किंवा वेग फार झाला तर ती धड चिकटतच नाही, मग शिट्टीसारखा पोकळ आवाज. वेग, दाब आणि घोडीपासूनचं अंतर, या तिघांचं जमलं की आवाज येतो. घोडीजवळ वाजवायचं तर गज सावकाश आणि वजनदार, पट्टीकडे सरकलात तर हलका आणि भरभर. बिघडलं की आपण नेहमी दाबच बदलतो. आधी जागा बघा. बहुतेक वेळा गज नकळत पट्टीकडे घसरलेला असतो.

म्हणून पहिले दोन आठवडे डावा हात जवळजवळ नकोच. मोकळी डी तार, पूर्ण गज, आठ सेकंद खाली, आठ सेकंद वर. पहिल्या दिवशी मला चार सेकंदही जमेनात. मध्यापर्यंत ठीक, मग गज थरथरायला लागायचा, जणू हातात दुसऱ्याच कोणाचा हात आहे. थरथर अशक्तपणामुळे असेल असं वाटलं, पण ती होती घट्ट पकडीमुळे. गजाचं वजन जेमतेम साठ ग्रॅम. तो घट्ट धरायचं कारणच नसतं, पण भीतीने आपण धरतो. करंगळी ताठ झाली की समजा पकड आवळली. ती वाकलेली राहू द्या, दांडीवर नुसती टेकलेली.

समोर आरसा ठेवा. गजाचं टोक जवळ आलं की तो सरळ जातोय का बघा. पुढच्या अर्ध्यात कोपर उघडून हाताचा खालचा भागच पुढे जायला हवा. आपण आळसाने सगळा दंड खांद्यातून मागे नेतो आणि गज कमानीसारखा वळतो. आरशात हे एका मिनिटात दिसतं, कानाने शोधायला महिना लागतो.

डावा हात घ्याल तेव्हा पट्टीवर चिकटपट्ट्या लावू नका. त्या लहान मुलांसाठी ठीक, तुमच्यासाठी नाहीत, कारण तुमच्याकडे आता कान आहे. त्याऐवजी वाद्यालाच विचारा. डी तारेवर तिसऱ्या बोटाने जी हा सूर वाजवा आणि खालच्या मोकळ्या जी तारेकडे बघा. सूर नेमका लागला तर ती तार कोणी न छेडता थरथरते, कडा धूसर दिसतात आणि सगळं वाद्य एकदम मोकळं होऊन गुंजतं. केसभर इकडेतिकडे झालं की ती स्तब्ध. ए तारेवरचा डी आणि ई तारेवरचा ए असाच तपासता येतो. जी तारेवर तिसरं बोट सी देतं आणि सी ची मोकळी तार नाही, त्यामुळे तिथे पहिल्या बोटाचा ए धरायचा, वरची ए तार उत्तर देते. मी रोज सरावाची सुरुवात यानेच करते. ट्यूनरच्या सुईपेक्षा हे बरं, कारण सुई बघताना आपण ऐकणं बंद करतो.

एक विचारायचं राहिलं: विशीत तुमच्याकडे पूर्ण मापाचं व्हायोलिन होतं ना? बरेच जण तीन चतुर्थांश मापावर शिकून थांबलेले असतात आणि परत येतात तेव्हा पूर्ण मापाचं घेतात. मग प्रत्येक बोटाचा सूर थोडा उतरलेला लागतो आणि माणूस म्हणतो, माझा सूर गेला. सूर गेलेला नसतो, हाताला जुनं अंतर आठवत असतं.

रोज किती? मी म्हणेन वीस मिनिटं, दहा-दहाची दोन सत्रं. बोटांच्या टोकाची कातडी मऊ झालेली असते, तिला घट्ट व्हायला वेळ लागतो. मान आणि डावा अंगठा सांभाळा. अंगठ्याने व्हायोलिनची मान आवळली की हात वर सरकताच येत नाही. वाजवताना मुंग्या आल्या किंवा हात बधिर झाला तर त्या दिवशी तिथेच थांबा, आणि पुन्हा होत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. पंधरा वर्षांत खांदे, मान सगळंच बदललेलं असतं, त्यामुळे जुना शोल्डररेस्ट (वाद्याखालचा खांद्याचा आधार) नव्याने बसवून घ्या. हनुवटीखालची पट्टी तरी कुठे पहिल्यापासून होती? लुई श्पोर या वादकाने ती १८२० च्या सुमारास आणली. त्याआधीचे लोक तिच्याशिवाय वाजवायचे. म्हणजे एकच एक बरोबर पद्धत असं काही नाही, तुमच्या मानेला जे सोसेल ते.

शिक्षक हवाच का? सुरुवातीला शिकवणीचे दोन-तीन तास तरी हवेत. जुन्या चुकाही सवयीबरोबर परत येतात आणि त्या आतून कळत नाहीत. यात कमीपणा वाटत असेल तर यहुदी मेन्युहिन आठवा. लहानपणी जगभर गाजलेला हा वादक. जे आपोआप जमत होतं ते पुढे अडखळायला लागलं, तेव्हा आपले हात नेमकं काय करतात हे त्याला मोठेपणी नव्याने शोधावं लागलं. १९५२ मध्ये त्याची बी. के. एस. अय्यंगारांशी भेट झाली आणि त्यांच्याकडून शिकलेल्या योगाचा वादनाला मोठा उपयोग झाला, असं तो सांगत असे. फ्रिट्झ क्राइस्लर या नामवंत वादकाने तर बाराव्या वर्षी पॅरिसच्या संगीत विद्यालयाचं पहिलं बक्षीस मिळवल्यावर काही काळाने व्हायोलिन बाजूला ठेवलं, वैद्यकीचा अभ्यास केला, सैन्यात गेला आणि मग परत आला. अर्थात ते क्राइस्लर. आपण आपलं डी तारेवर आठ सेकंद मोजू.

किती दिवसांत जमेल याचा माझा हिशेब असा: दीड महिन्यात मोकळ्या तारांचा आवाज मला आवडायला लागला. चौथ्या महिन्यात थर्ड पोझिशन, म्हणजे हात पट्टीवर वर सरकवून वाजवणं. व्हायब्रॅटोला, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवण्याला, वर्ष गेलं, आणि तो आजही पहिल्या बोटावर रुसतो. ती जुनी रचना मी दहाव्या महिन्यात काढली, निम्म्या गतीत. पूर्वी ज्या ओळीला घाबरायचे ती सोपी निघाली. आणि जी सोपी म्हणून रेटत न्यायचे, त्या संथ ओळीवर अजून काम चालू आहे.

शेजाऱ्यांना त्रास होतो हा तुमचा शेवटचा प्रश्न. घोडीवर बसवायचा जाड रबरी म्यूट मिळतो, आवाज बराच खाली येतो. पण तो लावून गजाचा सराव करू नका, कारण तो करकरही झाकतो आणि मग चूक कळत नाही. दिवसा मोकळं वाजवा, रात्री म्यूट लावून डाव्या हाताचं काम करा. आणि नवीन ई तार चढवताना चेहरा बाजूला ठेवा. ती तुटते तेव्हा सांगून तुटत नाही.