तिची आई आहे, हे तूच लिहिलंस

प्रिय मावशी, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

मी २६ वर्षांची, बी.एड. झालेली, नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. मागच्या वर्षी आमच्या मंडळीच्या तरुण संघाबरोबर १२ दिवस कंबोडियाला, सिएम रीपजवळच्या एका अनाथाश्रमात सेवेला गेले होते. आम्ही १४ जण होतो, प्रत्येकी १ लाख ४० हजार खर्च आला. पाच वर्षांची एक मुलगी पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यात पडली. मला ती प्रभूने दिलेली खूण वाटली. तिची आई आहे. पचुम बेनच्या, म्हणजे तिथल्या पितरांच्या सणाला ती केळी घेऊन भेटायला आली होती, पण गरिबीमुळे सांभाळू शकत नाही म्हणे. निघताना मी मुलीला "पुन्हा येईन" असं वचन दिलं. ती रडली नाही. "नेक्स्ट टीम व्हेन?" एवढंच विचारलं. ते माझ्या डोक्यातून जात नाही. यंदा टीमचं नेतृत्व मी करावं असं पाळकसाहेबांचं म्हणणं आहे, ते पंडिता रमाबाईंचा दाखला देतात. आई म्हणते, इथं काय मुलं नाहीत का? मी जाऊ का?

– वचनात अडकलेली

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं. उत्तर आधीच सांगून टाकते. ह्या टीमबरोबर जाऊ नकोस, आणि नेतृत्व तर घेऊच नकोस. पण त्या पोरीला दिलेल्या शब्दाचं काहीतरी करावं लागेल. त्याकडे येतेच.

ती पहिल्याच दिवशी गळ्यात पडली, ही तुला खूण वाटली. मला मात्र त्याच ओळीला धस्स झालं. घरातलं पाच वर्षांचं पोर अनोळखी बाईकडे असं जातं का गं? आधी आईच्या पदराआड लपतं, तिथून डोकावतं, मग बऱ्याच वेळाने एखादं खेळणं दाखवायला येतं. आल्यागेल्या प्रत्येकाला जे मूल बिलगतं, त्याच्याजवळ बहुतेक वेळा हक्काचं असं एक माणूस नसतं. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली एक अभ्यास सुरू झाला. संस्थांमधली १३६ लहान मुलं निवडली आणि त्यांतली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, त्यांना सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांत पाठवली. घरात गेलेली मुलं बुद्धीत, बोलण्यात आणि माणसाला जीव लावण्यात मागे राहिलेल्यांच्या पुढे गेली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचं तर जास्तच भलं झालं. कारण साधं आहे. घरात तेच माणूस रोज सकाळी समोर असतं.

तुझ्या त्या पोरीसमोर दर महिन्या-दोन महिन्यांनी नवी माणसं येतात. बारा दिवस कडेवर घेतात, गाणी शिकवतात, फोटो काढतात, डोळे पुसत बसमध्ये चढतात. तिचे रडून रडून डोळे कोरडे झालेत. "नेक्स्ट टीम व्हेन?" हा तिने स्वतःपुरता काढलेला मार्ग आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून सात वर्षांची असताना मला एका मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. परदेशी पाहुणे यायचे त्या दिवशी आम्हाला सकाळी लवकर न्हाऊ घालायचे, तेल चोपडून घट्ट वेण्या घालायचे आणि ओळीत उभं करून अभिनयगीत म्हणायला लावायचे. एका बाईंनी मला मांडीवर घेतलं. त्यांच्या ब्लाउजला निळी काचेची बटणं होती. मी गाणं संपेपर्यंत त्यांतलं एक बटण धरून बसले होते. "पुढच्या वर्षी येते" म्हणाल्या. पुढची तीन वर्षं पाहुण्यांची गाडी आली की मी आधी बटणं बघायची. बाई वाईट नव्हत्या, त्यांचं मन तुझ्यासारखंच असणार. पण त्यांच्या प्रवासभाड्याच्या पैशांत माझी आई वर्षभर गावात राहू शकली असती, हा हिशेब मला मोठेपणी सुचला.

तोच हिशेब तुमचा करून बघ. १४ जणांचे १९ लाख ६० हजार होतात. त्यांतले त्या केळी घेऊन आलेल्या आईपर्यंत किती पोचले?

कंबोडियात २०११ साली सरकारने युनिसेफच्या मदतीने एक पाहणी प्रसिद्ध केली. २००५ ते २०१० ह्या पाच वर्षांत तिथले अनाथाश्रम सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले होते, आणि त्यांतल्या चारांपैकी जवळपास तीन मुलांची आई किंवा वडील हयात होते. लाखो माणसं मारणारी ख्मेर रूजची राजवट तिथे १९७९ मध्ये संपली, म्हणजे हे त्या संहाराचं पोरकेपण नव्हे. शाळा, जेवण, इंग्रजी मिळेल म्हणून आईबाप पोरं सोडून जातात. आपल्याकडे ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली माणसं सोडतात तशीच. आणि तिथलं अंगकोर वाटचं मंदिर बघायला येणारा पाहुणा दोन दिवस "सेवा" करून देणगी देतो, म्हणून आश्रमाला मुलं लागतात. तुमचे संचालक लबाड आहेत असं मी म्हणत नाही, मला ते माहीत नाहीत. पण मूल आत असेल तरच पैसा येतो, अशी ही घडी बसली आहे.

आता रमाबाईंचा दाखला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी केडगावला मुली आणल्या, त्यांच्यातल्या कित्येकींच्या घरची चूलही उरली नव्हती. आणि मुख्य म्हणजे रमाबाई तिथेच राहिल्या. मुलींना विणकाम, तेलघाणा, छापखान्याचं काम शिकवलं आणि १९२२ मध्ये तिथेच गेल्या. कुठल्या मुलीला "पुढची टीम कधी" विचारायची पाळी आली नाही. पाळकसाहेबांना हे आदराने, पण स्पष्ट सांग.

ते बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचनही काढतील, पहिल्या अध्यायातलं सत्ताविसावं. मलाही ते फार प्रिय आहे. नीट वाच. तिथे अनाथ आणि विधवा एकाच दमात येतात, दोघांचाही संकटात समाचार घ्यायला सांगितलंय. आपण मात्र विधवेला फाटकाबाहेर ठेवतो आणि तिच्या लेकराला अनाथ म्हणून मांडीवर घेतो.

तुझ्या आईचं म्हणणं मला अर्धंच पटलं. पाथर्डी-शेवगावकडे दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांसाठी शिक्षिका म्हणून तू पुष्कळ करू शकशील, जरूर कर. पण कंबोडियाची पोर परकी आहे असं नाही. तिला विसरू नकोस.

म्हणून संचालकांना पत्र लिही. आईचं नाव काय, गाव किती लांब, मुलगी घरी राहून शाळेत जायची तर महिन्याला काय लागेल, आजी-मावशी कुणी आहे का, हे विचार. त्यांच्याकडे घरी जाऊन पाहणारा समाजसेवक आहे का, गेल्या दोन वर्षांत किती मुलं घरी परत गेली, हेही विचार. सरळ उत्तर आलं, तर तरुण संघाचा पैसा त्या कामाला लावा. टाळाटाळ झाली, तरी देणगी एका रात्रीत तोडू नका, उपाशी मुलंच राहतील. काही मुलांना घरी मारहाण असते, त्यांना लगेच परत धाडणंही बरोबर नाही. घाई नको, पण दिशा घराकडे हवी.

पाळकसाहेबांना आणखी एक विचार. कंबोडियाला निघालेल्या चौदा जणांपैकी कुणाची पोलीस पडताळणी झाली होती का? आपल्या संडे स्कूलच्या मुलांना आपण अनोळखी माणसाबरोबर बारा दिवस सोडू का? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेतून मुलांना होणाऱ्या अपायाची दखल घेतली आहे. हे माझं एकटीचं खूळ नाही, एवढं त्यांना कळू दे.

आणि तुझा शब्द. त्या पोरीला एक पत्र लिही, तिच्या ख्मेर भाषेत करून घे आणि तिला जवळची असलेल्या तिथल्या ताईंनाच वाचून दाखवायला सांग. "मी येईन म्हणाले होते, पण येणार नाही. तुझं काही चुकलं नाही. तुझी आई केळी घेऊन आली होती ती मला आठवते." एवढंच. सोबत त्या दोघींचा एकत्र फोटो असला तर तो पाठव, तुझा नको.

संचालकांचं उत्तर आलं की मला कळव, पुढचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी