चिकूचं इन्सुलिन, एसआयपी आणि दिवाळीचा बोनस

नमस्कार ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. ११ वर्षांचा बोका चिकू, डायबिटीस निघालाय, डॉक्टर म्हणतात इन्सुलिन सुरू करा, पहिल्या महिन्यात ९ हजार आणि पुढे दरमहा साडेचार हजार. भाऊ म्हणतो मांजरावर एवढे कशाला, निदान दिवाळीच्या बोनसपर्यंत तरी थांब. हातात ४६ हजार येतात, हप्ता, घरखर्च, ६ हजारांची एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) जाऊन ३ हजार उरतात, एफडी १ लाख २० हजारांची. एसआयपी बंद करू, एफडी मोडू की थांबू, असं विचारलंय.

थांबू नका. चिकूवर तुमचा जीव आहे ते दिसतंच, पण हिशोबही तेच सांगतो. माझ्या बोक्याच्या वेळी मी तीन आठवडे थांबलो होतो, म्हटलं आधी खाणं बदलून बघू, आणि एका सकाळी बघतो तर तो पाण्याच्या वाटीशी मान टाकून पडलेला, कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं), चार दिवस सलाईन, बिल २७ हजार. वाचला तो, पण त्याचे ते हाल मी टाळू शकलो असतो हे अजून मनातून जात नाही. आणि तुम्ही लिहिलंय की चिकू मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालतोय, म्हणजे वाढलेल्या शुगरचा परिणाम नसांवर व्हायला लागला असणार, अशात दिवाळीची वाट बघणं बरोबर नाही.

मांजरांमध्ये एक आशेची गोष्ट असते, इन्सुलिन आणि कमी कार्बचं वेट फूड (डब्यातलं ओलं खाणं) लवकर सुरू झालं तर काही मांजरांचं इन्सुलिन काही महिन्यांत सुटतं. सगळ्यांचं नाही सुटत, पण ही संधी सुरुवातीलाच जास्त. म्हणून हा खर्च जन्मभराचा म्हणून घाबरू नका, आत्ता तीन महिन्यांचं बजेट करा. ९ आणि दोनदा साडेचार, १८ हजार. तुमची एसआयपी तीन महिन्यांची किती? १८ हजारच. ती बंद करू नका, पॉज करा, बहुतेक फंड हाऊस देतात. उरणारे ३ हजार दरमहा वेगळ्या खात्यात, तीन महिन्यांत ९ हजार होतील, ते चिकूच्या इमर्जन्सीचे. एफडी आईच्या आणि तुमच्या आजारपणासाठी आहे, तिला हात नको, आणि क्रेडिट कार्डावर तर अजिबात नको. पेट इन्शुरन्सचा आता उपयोग नाही, आधीचा आजार त्यात धरत नाहीत.

तीन महिन्यांनी इन्सुलिन सुटलं नाही तर? साडेचार हजार लागणार, ३ उरतात, दीड कमी पडतात, मग एसआयपी साडेचार हजारांनी सुरू करा. चालेल.

घरी आईचं ग्लुकोमीटर आहे ना, डॉक्टरांना विचारून तेच वापरा, कानाच्या कडेला टोचून थेंब घ्यायचा (सुई मात्र वेगळी), क्लिनिकच्या फेऱ्या वाचतील. माणसांचं मशीन मांजरात आकडा जरा कमी दाखवतं, तेवढं लक्षात ठेवा. सिरिंजमध्ये मात्र काटकसर नको, १०० युनिटवाल्या (एका मिलीत १०० युनिट) इन्सुलिनला १०० चीच सिरिंज, ४० ची घेतली तर डोस अडीचपट जाईल. शुगर एकदम उतरली तर हिरड्यांना मध लावून तडक डॉक्टरकडे.

पैशापेक्षा मला काळजी वेळेची वाटते. दर १२ तासांनी इंजेक्शन, आणि तुमची लोकल सकाळी ७:२० ची, घरी यायला ८ वाजतात. संध्याकाळचं आईला जमेल का? पहिले काही दिवस सकाळी दोघींनी मिळून द्या, मानेमागची कातडी चिमटीत धरून, चिकू वाटीत तोंड घालून खात असताना. आईला खरंच जमत नसेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, अर्धवट चालवण्यात पैसेही जातात आणि जीवही.

डायबिटीसचं निदान एकाच रीडिंगवर झालं असेल तर आधी फ्रक्टोसामाइन टेस्ट (मागच्या काही आठवड्यांची शुगर सांगणारी) करून घ्या, घाबरलेल्या मांजराची शुगर क्लिनिकमध्ये तशीही वर जाते. एसआयपी १० तारखेला कटते म्हणालात, पॉजची रिक्वेस्ट काही दिवस आधी लागते, तर ती आजच टाका. या वेळी उशीर झालाच तर पहिले ९ हजार सेव्हिंगमधून घ्या आणि एसआयपीच्या पुढच्या तीन हप्त्यांच्या पैशातून भरून काढा.