दोघांचा डोंगर, दोघांचा वेग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी छप्पन्न वर्षांची असून माझ्या पतींनी नुकतीच साठी ओलांडली आहे. कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड या वाटा आम्ही वर्षानुवर्षे एकत्र चालत आलो. आता नोकऱ्या संपल्या, मुलगी मार्गी लागली, म्हणून दरवर्षी परदेशातला एक तरी डोंगर करायचा असे पतींनी ठरवले आहे आणि किलिमांजारोपासून आखणीही सुरू केली आहे. ते झपाझप चालतात, मी सावकाश. माझ्यामुळे त्यांना शिखर सोडून परतावे लागेल, ही धास्ती मला आतापासूनच वाटते. त्यांना एकट्यालाच जाऊ द्यावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : परतावे लागले तर ते आपल्यामुळेच लागेल, हे आपण गृहीत धरले आहे. कळसूबाई १६४६ मीटरांवर संपते. किलिमांजारोचे उहुरू शिखर ५८९५ मीटरांवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही थोडा कमी असतो. अशा विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला काही दिवस लागतातच. दमसास कितीही चांगला असला, तरी त्या दिवसांत सूट मिळत नाही. सह्याद्रीत सर्वांच्या पुढे असणारा गडी तेथेही त्याच वेगाने चढू लागला, तर डोकेदुखी आणि मळमळीने आधी तोच बसण्याची शक्यता अधिक. त्यामुळे ‘मी मागे राहिले तर’ हा प्रश्न जितका आपला, तितकाच आपल्या यजमानांचाही आहे, आणि त्याचे उत्तर घरी, चहा पिताना, दोघांनी मिळून ठरवायला हवे. बर्फाळ वाऱ्यात, मध्यरात्री ठरवायला बसलात तर दोघेही एकमेकांसाठी खोटे बोलाल.

निवेस मेरोई आणि रोमानो बेनेट या इटालियन दांपत्याचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. २००९ साली कांचनगंगेवर गेले, तेव्हा निवेस यांच्या नावावर जगातल्या आठ हजार मीटरांवरील चौदा शिखरांपैकी अकरा होती आणि चौदाही शिखरे करणारी पहिली स्त्री होण्याच्या चढाओढीत त्या होत्या. वर चढताना रोमानो यांची ताकद संपली. निवेस यांनी शिखराचा नाद सोडला आणि त्यांच्यासोबत खाली उतरल्या. पुढे रोमानो यांना अस्थिमज्जेचा गंभीर आजार असल्याचे निदान झाले आणि प्रत्यारोपणे करावी लागली. मधल्या काळात तो पहिला मान दुसरीकडे गेला. दोघे २०१४ मध्ये पुन्हा कांचनगंगेवर गेले, शिखर गाठले, आणि मे २०१७ मध्ये अन्नपूर्णेवर त्यांची चौदाही शिखरे एकत्र पूर्ण झाली, तीही कृत्रिम प्राणवायूशिवाय. आपण दोघे गिर्यारोहक नाही, ट्रेकर आहात. आपल्या बाबतीत एक परतला म्हणून दुसऱ्यानेही परतावे, असा माझा आग्रह नाही. मात्र, काय करायचे ते आधी ठरलेले असावे.

किलिमांजारोवर याची व्यवस्था करता येते. गाईड तेथे सक्तीचाच आहे. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला एवढेच विचारावे की, शिखरावर चढायच्या रात्री आम्हा दोघांसाठी दोन स्वतंत्र गाईड असतील का. असतील, तर एक जण खाली बराफू कॅम्पकडे, म्हणजे शिखराआधीच्या शेवटच्या तळाकडे, वळला तरी दुसऱ्याला पुढे जाता येते. स्वस्त सहलीत बहुधा दिवस कापलेले असतात, कारण उद्यानाचे शुल्क दिवसागणिक पडते. ते दिवस वाचवू नयेत. माचामे किंवा लेमोशो वाटेने किमान सात दिवस घ्यावेत. या दोन्ही वाटांवर लाव्हा टॉवरपर्यंत सुमारे ४६०० मीटर चढून त्याच दिवशी झोपायला बरांकोच्या तळावर, चार हजारांच्या आत उतरतात, याचा शरीर उंचीला सरावायला फायदा होतो. विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटवरून उतरताना मात्र आपल्याकडच्यापेक्षा मोठा घसारा लागतो. गुडघ्यांसाठी काठ्या दोघांनीही न्याव्यात.

खरे तर, मला विचाराल तर पहिला परदेशी डोंगर म्हणून मी आल्प्समधल्या मों ब्लां पर्वताची प्रदक्षिणा सुचवेन. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड अशी ही सुमारे १७० किलोमीटरची वाट दहा-अकरा दिवसांत होते आणि एका शेंगेन व्हिसावर भागते. एकूण चढ दहा हजार मीटरांच्या घरात जातो, म्हणजे दमछाक भरपूर. पण नेहमीच्या वाटेवरच्या खिंडी अडीच हजार मीटरांच्या आसपासच्या, म्हणजे उंचीचा त्रास सहसा नाही. शिवाय दरीतल्या गावांतून बस धावतात. एखाद्या दिवशी आपले पाय दुखले, तर आपण बसने इटलीतल्या कूरमायर गावी उतरावे, यजमानांनी खिंडीतून यावे आणि संध्याकाळी जेवणाला भेटावे. डोंगरातली निवासस्थाने मात्र काही महिने आधी राखून ठेवावी लागतात.

आणखी एक. आखणी ‘पतींनी’ केली, असे आपण लिहिता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फॅनी आणि विल्यम वर्कमन हे अमेरिकन जोडपे हिमालयात व काराकोरममध्ये मोहिमा काढत असे. एका वर्षी एकाने सगळी व्यवस्था पाहायची, दुसऱ्याने मोजमापे व नोंदी करायच्या, आणि पुढच्या वेळी अदलाबदल, असा त्यांचा शिरस्ता होता. १९०६ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षी, फॅनी नुन-कुन परिसरातल्या पिनॅकल शिखरावर पोहोचल्या आणि स्त्रियांचा तो उंचीचा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. (हमालांशी त्यांचे वागणे घेण्यासारखे मुळीच नव्हते.) पुढच्या डोंगराची आखणी आपण हाती घ्यावी.

प्रश्न : उंचीचा त्रास होऊ नये म्हणून आधीपासून गोळी घ्यावी का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ॲसिटाझोलामाइड या औषधाचा उपयोग होतो, पण ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम असल्याने घाबरून जाऊ नये. तीन हजार मीटरांच्या वर झोपण्याची उंची रोज साधारण पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा नियम गोळीमुळे रद्द होत नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी लगेच उतरावे. प्रवासविमा घेताना त्यातली उंचीची मर्यादाही वाचावी, कारण कित्येक पॉलिसींत ठरावीक मीटरांच्या वरचा बचावखर्च मिळत नाही.