कमी लोडला वास, फुल लोडला ठोके

प्रश्न : कारखान्यातल्या २५० केव्हीए डिझेल जनरेटरला पाइप गॅसचं ड्युअल-फ्युएल किट (डिझेलसोबत गॅसही जाळणारं) बसवलंय. इंधनातला गॅसचा वाटा ७० टक्क्यांवर सेट आहे. लोड कमी असला की एक्झॉस्टला उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. फुल लोडला इंजिन टणटण वाजतं. डिझेल फवारणारे इंजेक्टर बदलावेत का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : आधी तो ७० चा आकडा सोडा. गॅसचं प्रमाण लोडप्रमाणे बदलायला हवं.

दाबून तापलेल्या हवेत डिझेल लगेच पेटतं, मिथेन, म्हणजे पाइप गॅसमधला मुख्य वायू, नाही. १५०० आरपीएमला सगळा खेळ तीन-चार मिलिसेकंदांचा. तेवढ्यात मिथेन आपणहून पेट घेत नाही. फवारलेलं डिझेल पेटतं आणि तिथून ज्योत गॅस-हवेच्या मिश्रणात पसरते. डिझेल इंजिनाला थ्रॉटल, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, नसतो. लोड उतरला तरी हवा भरपूर येते, गॅस तिच्यात फार विरळ होतो आणि ज्योत अर्ध्या वाटेत विझते. उरलेला गॅस आणि अर्धवट जळून झालेला फॉर्मल्डिहाइड हा झोंबणारा वायू बाहेर पडतो. डोळे चुरचुरतात ते यानेच.

फुल लोडला उलटं. मिश्रण दाट आणि गरम, त्यामुळे ज्योत पोचण्याआधीच कडेचा गॅस एकदम पेटतो. हे नॉकिंग चालू ठेवलंत तर पिस्टन आणि हेड गॅस्केट जातील.

सुरुवात अशी करा (२५० केव्हीए म्हणजे साधारण २०० किलोवॅट धरून) : ८० किलोवॅटखाली गॅस बंद, मधल्या लोडला ५० ते ६० टक्के, १७० च्या वर पुन्हा ४० पर्यंत खाली. नेमके आकडे किटवाल्याकडून एक्झॉस्टचं तापमान पाहून ठरवून घ्या. तरीही ठोके आले तर इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग, तपासा. तो धुळीने भरला असेल तर सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही.

गॅस वाया जातोय का, याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर गॅसची उष्णता ढोबळमानाने एक लिटर डिझेलएवढी. १५० किलोवॅटला नुसतं डिझेल तासाला सुमारे ४० लिटर लागत असेल, तर १६ लिटर आणि २४ घनमीटर हे ठीक. बेरीज ४६ आली, तर वरच्या सहातला बराचसा गॅस न जळता जातोय. थोडा गॅस मात्र जाणारच : हवेत गॅस मिसळणारा मिक्सर टर्बोच्या आधी असल्याने दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे असताना तो सरळ निसटतो.

इंजेक्टर बदलण्याची घाई नको. काढून टेस्ट बेंचवर फवारा पाहा. इंजेक्टरच्या टोकाला, म्हणजे नोझलला, गारवा मिळतो तो वाहत्या डिझेलमुळेच. डिझेल कमी झालं की टोक तापतं, भोकांवर कार्बन बसतो, फवाऱ्याची धार होते आणि मग गॅसही नीट पेटत नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नसलं तरी : लोड अचानक सुटला की वेग सांभाळणारा गव्हर्नर डिझेल तोडतो, गॅस नाही. ब्रेकर पडताच गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) बंद होतो का, हे आधी गॅस चालू असलेल्या कमीत कमी लोडवर पाहून घ्या. नाहीतर इंजिन ओव्हरस्पीड होईल.